नवी सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टीम घेण्याआधी तिची परीक्षा कशी घ्यायची

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघतो. साठेक माणसं, दोन शिफ्ट, आणि अकाउंट्सच्या खोलीत कपाटाशेजारी उभा असलेला एक सर्व्हर. डिस्पॅचची चलनं, स्टोअरचा साठा, हजेरी, ड्रॉइंगचे फोल्डर, सगळं त्याच्यावर. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम होती सेंटओएस ७, म्हणजे लिनक्सचा एक फुकट मिळणारा प्रकार. ३० जून २०२४ ला तिचे सुरक्षा अपडेट कायमचे थांबले आणि नवी सिस्टीम निवडायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या वेळी मी ते चुकीच्या पद्धतीने केलं. चार सिस्टीमची वैशिष्ट्यं वाचली, तक्ता केला, एक निवडली आणि सुट्टीच्या दिवशी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दोन टेम्पो गेटवर उभे, आणि चलन नीट छापून निघेना. दुपारी जुना सर्व्हर परत जोडला. नंतर त्याच कामाला सहा आठवडे दिले, आणि बदल झाला त्या दिवशी शॉपफ्लोअरवर कुणाला कळलंही नाही. ते सहा आठवडे कसे गेले ते इथे क्रमाने लिहितो. तुमची कंपनी वीस ते शंभर माणसांची असेल, वेगळा आयटी विभाग नसेल आणि हे काम पहिल्यांदाच तुमच्या अंगावर आलं असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

हाताशी काय असावं

- चाचणीसाठी वेगळं मशीन. जुना डेस्कटॉप चालेल, पण शेवटची चाचणी खऱ्या सर्व्हरवर किंवा तशाच हार्डवेअरवर घ्यावी लागते.
- छोटा स्वस्त नेटवर्क स्विच, चाचणीचं जाळं वेगळं ठेवायला.
- कालचा पूर्ण बॅकअप आणि तो ठेवायला बाहेरची डिस्क.
- सर्व्हरचं खरेदी बिल, वॉरंटीचा कागद, रेड (RAID) कार्डाचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाचं, नेमकं मॉडेल.
- वापरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं लायसन, आवृत्ती आणि ते बनवणाऱ्याचा फोन.
- एक जाड वही. माझं सगळं मूल्यमापन वहीत झालं, आणि आजही अडलं की तीच उघडतो.

## १. आधी जुन्या सर्व्हरची वही लिहा

नवीन काही डाउनलोड करण्याआधी पूर्ण एक आठवडा जुना सर्व्हर काय काय करतो ते फक्त टिपून ठेवा. कोणते पोर्ट (जोडणीची दारं) उघडे आहेत, कोणत्या आयपीवरून (मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून) कोण जोडतं, रात्री आपोआप चालणारी क्रॉनमधली कामं कोणती, फोल्डर कोणाला दिसतात, प्रिंटर कोणते. ही यादी मशीन देतं.

पण अर्धी यादी माणसांकडे असते. मी प्रत्येक टेबलावर जाऊन एकच प्रश्न विचारला: "सर्व्हर दिवसभर बंद राहिला तर तुमचं काय अडेल?" स्टोअरचे काका म्हणाले, वजनकाट्याचा कॉम्प्युटर रोज एक फाइल सर्व्हरवर टाकतो. हे मला माहीतच नव्हतं. अकाउंट्सच्या मॅडमनी सांगितलं की दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे मालकांना येणी रकमेचा मेल जातो. तो कोण पाठवतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शोधल्यावर सापडलं, २०१७ मध्ये कुणीतरी लिहिलेली चाळीस ओळींची स्क्रिप्ट.

महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच होणारी कामं मुद्दाम विचारा: साठा मोजणी, बोनसचा हिशोब, ऑडिटरला द्यायची फाइल. आठवडाभराच्या निरीक्षणात ती दिसत नाहीत.

## २. पास-नापासच्या अटी आधी लिहा

इन्स्टॉल झाल्यावर अटी लिहिल्या तर जे चालतं त्यालाच आपण पास म्हणतो. म्हणून आधी लिहा, आणि मोजता येतील अशा लिहा. "वेग चांगला हवा" ही अट नव्हे. माझ्या वहीतल्या काही अटी अशा होत्या:

- तीन प्रतींचं चलन जुन्याइतक्याच वेळात निघालं पाहिजे, आणि शेवटची ओळ चौकटीच्या आत पाहिजे.
- मागच्या महिन्याचा साठा अहवाल जुन्या सर्व्हरवरच्या अहवालाशी पैशापर्यंत जुळला पाहिजे.
- रिकाम्या मशीनपासून सुरू करून चार तासांत सगळं परत उभं राहिलं पाहिजे.
- वीज गेली तर सर्व्हर स्वतःहून नीट बंद आणि आली की स्वतःहून सुरू झाला पाहिजे.

प्रत्येक अटीपुढे "हे नसेल तर नकोच" की "असेल तर बरं" हे लिहा आणि मालकांची सही घ्या. पुढे एखादी सिस्टीम नाकारताना ही सही तुमच्या मागे उभी राहते.

## ३. उमेदवार दोनच ठेवा, आणि आधी तारखा बघा

व्यवसायाच्या सर्व्हरसाठी पहिला प्रश्न असा: हिला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत, आणि ते देणार कोण? मी लिहून ठेवलेल्या तारखा या (विंडोज सोडून बाकी सगळे लिनक्सचे प्रकार):

- अल्मालिनक्स ९ आणि रॉकी लिनक्स ९: मे २०३२ पर्यंत.
- डेबियन १२: जून २०२३ मध्ये आली, दीर्घकालीन आधार धरून जून २०२८ पर्यंत.
- उबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घकालीन आधाराची आवृत्ती): नेहमीचे अपडेट २०२९ पर्यंत, त्यापुढचे उबुंटू प्रो या वेगळ्या योजनेतून.
- विंडोज सर्व्हर २०१६: १२ जानेवारी २०२७. तुमच्याकडे ही असेल तर हे काम तुमच्याही दारात आलेलं आहे.
- विंडोज सर्व्हर २०१९: ९ जानेवारी २०२९. विंडोज सर्व्हर २०२२: १४ ऑक्टोबर २०३१. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली विंडोज सर्व्हर २०२५: २०३४ पर्यंत.

नुसती तारीख पुरत नाही. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा ती २०२९ पर्यंत चालणार असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन्ही त्या घोषणेनंतर, २०२१ मध्ये उभ्या राहिल्या. म्हणून तारखेशेजारी लिहा: यामागे संस्था कोणती, पैसा कुठून येतो, आणि उद्या यांनी हात वर केले तर त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टीमवर जाता येईल का. अल्मा आणि रॉकी दोन्ही रेड हॅट कंपनीच्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सशी सुसंगत असल्याने तिथे ही सोय आहे, आणि माझ्या निवडीत तिचं वजन बरंच होतं.

अगदी ताजी आवृत्तीही घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम घुसवलेलं मागचं दार, म्हणजे बाहेरून गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. ते डेबियनच्या चाचणीतल्या आणि फेडोराच्या विकसनशील शाखांपर्यंत पोहोचलं होतं. स्थिर शाखा वाचल्या. कारखान्याच्या सर्व्हरवर स्थिर शाखाच हवी, आणि तिची पहिली एक-दोन अपडेट येऊन गेलेली असावीत.

मी अल्मालिनक्स ९ आणि डेबियन १२ असे दोन ठेवले. तिसरा ठेवला असता तर एकाचीही चाचणी पूर्ण झाली नसती.

इथेच एक गोष्ट तपासा: तुमचं मुख्य सॉफ्टवेअर कशावर चालतं? टॅलीप्राइम विंडोजवर चालते. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअरही आमच्याकडे फक्त विंडोजचं होतं. आम्ही अकाउंट्सचं मशीन वेगळं विंडोजवर ठेवलं आणि बाकी सगळं लिनक्सवर. सगळं एकाच छताखाली आणायचा हट्ट धरू नका.

## ४. हार्डवेअरशी जुळतं का

दोन सापळे आहेत, आणि दोन्ही इन्स्टॉल करतानाच पाय अडकवतात.

पहिला प्रोसेसरचा. रेड हॅट ९ च्या घराण्याला (अल्मा ९, रॉकी ९ त्यातलेच) एक्स८६-६४ ची, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या सूचनासंचाची, दुसरी पातळी लागते, जी साधारण २००९ नंतरच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये असते. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० ला तिसरी पातळी लागते, म्हणजे एव्हीएक्स२ हा जादा सूचनासंच असलेला प्रोसेसर. इंटेलमध्ये ही सोय २०१३ च्या हॅसवेलपासून आली, पण नंतरच्या काही स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्येही ती नाही. अल्मालिनक्स १० दुसऱ्या पातळीसाठी वेगळी प्रत देते.

दुसरा रेड कार्डाचा. रेड हॅट ८ पासून बऱ्याच जुन्या रेड आणि एसएएस (सर्व्हरच्या डिस्क जोडणाऱ्या) कार्डांचा आधार काढून टाकला आहे. मशीन सुरू होतं, इन्स्टॉलर उघडतो, आणि डिस्कच दिसत नाही. लोक डिस्क खराब झाली समजून नवीन मागवतात. अल्मालिनक्सने ९.४ मध्ये अशा बऱ्याच जुन्या कार्डांचा आधार परत आणला. थेट पेन ड्राइव्हवरून बूट करून, काहीही न पुसता, डिस्क आणि नेटवर्क कार्ड दिसतात का एवढं दहा मिनिटांत बघून घ्या.

## ५. लायसनचा हिशोब

विंडोज सर्व्हर तपासत असाल तर विक्रेत्याने दिलेला पहिला आकडा अंतिम धरू नका. आम्हाला मिळालेल्या एका कोटेशनमध्ये फक्त सर्व्हरचं लायसन होतं. प्रत्यक्षात लायसन प्रोसेसरच्या कोअरवर असतं आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं, प्रोसेसर आठ कोअरचा असला तरी. शिवाय जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक मशीनसाठी कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडण्याचा परवाना. रिमोट डेस्कटॉपवर काम करणार असाल तर त्याचे कॅल पुन्हा वेगळे. दोन शिफ्टमध्ये एकच कॉम्प्युटर दोघं वापरत असतील तर मशीनवरचे कॅल स्वस्त पडतात. एकाच माणसाकडे लॅपटॉप, मोबाइल दोन्ही असेल तर माणसावरचे.

चाचणीसाठी १८० दिवसांची मूल्यमापन प्रत फुकट मिळते. चाचणी आवडली तर तीच प्रत पुढे पक्क्या लायसनमध्ये बदलता येते. पण त्या मशीनला डोमेन कंट्रोलर (ऑफिसमधल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) केलंत तर तसं बदलता येत नाही, आधी ती भूमिका काढावी लागते. त्यामुळे चाचणीच्या मशीनवरच खरं डोमेन उभं करू नका.

लिनक्समध्ये लायसनचा खर्च शून्य आला म्हणून खर्च शून्य नसतो. बिघाड झाला तर रात्री अकराला कोण येणार, त्याचा दर काय, हे त्याच पानावर लिहा.

## ६. चाचणीचं जाळं वेगळं ठेवा

इन्स्टॉल सोपं असतं, त्यावर मी जास्त लिहीत नाही. जुन्यावरच चढवून अपग्रेड करू नका. स्वच्छ मशीनवर नव्याने बसवा, म्हणजे नेमकं काय लागतं ते कळतं. बसवताना केलेली प्रत्येक कृती वहीत लिहा, शेवटी हीच वही बघून खरा सर्व्हर उभा राहणार आहे.

धोका इन्स्टॉल झाल्यानंतर असतो. खऱ्या डेटाची प्रत टाकली की तिच्याबरोबर क्रॉनची कामंही येतात. माझ्या चाचणीच्या मशीनला इंटरनेट होतं, आणि रात्री दोन वाजता त्याने अकरा ग्राहकांना थकबाकीच्या आठवणीचे मेल पाठवले. त्यातल्या चौघांनी पैसे आधीच भरले होते, कारण बॅकअप आठवडाभर जुना होता. सकाळी मालकांनी स्वतः फोन करून त्यांची माफी मागितली. मी समोर बसलो होतो.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा आहे: आधी चाचणीचा स्विच वेगळा, त्याला इंटरनेट नाही. मग डेटा टाकायचा. मग क्रॉन, मेल, एसएमएस, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल यांची सगळी जोडणी बंद करायची. त्यानंतर लागेल तेवढंच एकेक उघडायचं. जुन्याचाच आयपी नव्याला देऊन दोन्ही एकाच जाळ्यात कधीही लावू नका.

## ७. तुमचं खरं काम चालवून बघा

सहापैकी तीन आठवडे इथे गेले, आणि ते इथेच जायला हवेत. वेग मोजायच्या साधनांनी डिस्क आणि नेटवर्क मोजलं, आकडे दोन्ही सिस्टीमचे जवळपास सारखे आले, एका दुपारीत तो विषय संपला. खरे प्रश्न वेगळीकडे निघाले.

चलनाचा प्रिंटर. पहिल्या दिवशी टेम्पो अडले ते यामुळे. आमचं चलन डॉट मॅट्रिक्सवर, सलग कागदावर, कार्बनच्या तीन प्रतींत निघतं. जुन्या सर्व्हरवर प्रिंटरची रांग 'रॉ' होती, म्हणजे प्रोग्रॅमने पाठवलेली अक्षरं जशीच्या तशी प्रिंटरकडे जात. नव्यावर मी सवयीने ड्रायव्हर निवडून रांग तयार केली. आता प्रत्येक ओळ आधी चित्र बनून जाऊ लागली. प्रिंटर एकेक रेघ कुरकुरत काढत होता, पानाची उंची ए४ धरली गेली होती आणि दुसऱ्या चलनापासून मजकूर खाली सरकत सहीच्या चौकटीत घुसला होता. रांग पुन्हा 'रॉ' केली, सगळं जागेवर आलं. दोन मिनिटांचं काम, पण ते सकाळी नऊला, गेटवर गाड्या असताना सुचत नाही. चाचणीत एक चलन छापून थांबू नका. सलग वीस छापा आणि विसाव्याची शेवटची ओळ पट्टीने मोजा.

स्कॅनर. ऑफिसमधलं कॉपियर मशीन कागद स्कॅन करून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतं. नव्यावर ते "जोडणी झाली नाही" एवढंच म्हणायचं. कारण असं की असं जुनं मशीन फोल्डरशी बोलताना एसएमबी या फाइल वाटून घेण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतं. लिनक्सवर हे फोल्डर वाटण्याचं काम करणाऱ्या साम्बा या प्रोग्रॅमने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती मुळात बंद ठेवली आहे, आणि सेंटओएस ७ वर साम्बा ४.१० होती. विंडोज सर्व्हरमध्येही ती आता आपोआप बसत नाही. एका ओळीने ती परत चालू करता येते, आणि अनेक जण तेच करतात. कृपया करू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या विंडोजच्या भोकातून पसरला होता. आधी कॉपियरचं फर्मवेअर अपडेट मिळतं का बघा. आम्हाला मिळालं नाही, म्हणून कॉपियरला एफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीने, फाइल टाकायला लावली आणि ते दार फक्त त्याच्याच आयपीसाठी उघडलं.

हरवलेला पार्ट नंबर. हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण यात एरर दिसत नाही. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस १३. जुन्याकडे १३, नव्याकडेही १३, म्हणून मी डेटाचा फोल्डरच्या फोल्डर उचलून नव्यावर ठेवला. सुरू झाला, सगळे तक्ते दिसले. दोन दिवसांनी स्टोअरच्या काकांनी हाक मारली. यादीत समोर पार्ट नंबर दिसतोय, पण शोधाच्या खिडकीत तोच टाकला तर "सापडला नाही". नंबरमध्ये मध्ये डॅश होती. बिनडॅशचे बहुतेक नंबर सापडत होते.

शब्दांचा क्रम ठरवण्याचं काम पोस्टग्रेस सहसा जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीकडे सोपवतो. ऑगस्ट २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ होती. जुन्या नियमाने "११" आधी आणि "१-१" नंतर. नव्या नियमाने "१-१" आधी. इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची) जुन्या क्रमाने बांधलेला आणि शोध नव्या क्रमाने, त्यामुळे डेटाबेस चुकीच्या पानावर बघून "नाही" म्हणतो. याहून वाईट म्हणजे, तो "नाही" म्हणतो म्हणून तोच नंबर दुसऱ्यांदा भरला जाऊ शकतो, आणि मग साठ्याची दोन खाती तयार होतात. उपाय दोन आहेत: फोल्डर न उचलता डेटा मजकूर रूपात डंप करून नव्यावर भरायचा, किंवा फोल्डर उचलला असेल तर सगळे इंडेक्स पुन्हा बांधायचे. मी पहिला मार्ग धरला. तुमच्याकडे मराठी नावांची यादी असेल तर तिचाही क्रम जुना-नवा शेजारी ठेवून बघा.

जुना पीएचपी प्रोग्रॅम. आमचा एक प्रोग्रॅम पीएचपी या भाषेत लिहिलेला आहे. सेंटओएस ७ मध्ये पीएचपी ५.४ होतं, अल्मा ९ मध्ये ८.० किंवा त्यापुढचं. बंद पडणाऱ्या गोष्टी बऱ्या, कारण त्या दिसतात. भीती न दिसणाऱ्यांची. पूर्वी पीएचपी शून्य आणि रिकामा मजकूर यांना समान मानायचं, ८.० पासून मानत नाही. आमच्या तपासणी नोंदीत "नाकारलेले नग" ही जागा लोक शून्य न टाकता रिकामी सोडतात. नव्यावर असे लॉट "तपासणी बाकी" म्हणून दिसू लागले. हे सापडलं ते फक्त साठा अहवाल पैशापर्यंत जुळवायच्या अटीमुळे.

हजेरी आणि सुरक्षेची कुलपं. हजेरीचं मशीन सर्व्हरच्या ज्या पोर्टवर नोंदी पाठवतं तो फायरवॉलमध्ये बंद होता. उघडला, काम झालं. अल्मामध्ये एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमने कुठे हात लावायचा यावरचा पहारा, चालू असतं आणि प्रोग्रॅमला फोल्डरमध्ये लिहू देत नाही. सल्ला देणारे सगळे म्हणतील, बंद करून टाका. त्याऐवजी चाचणीच्या काळात ते फक्त नोंद घेणाऱ्या अवस्थेत ठेवा, दोन आठवड्यांच्या नोंदी वाचा, लागतील तेवढ्याच परवानग्या द्या आणि पुन्हा पूर्ण चालू करा. आम्हाला एकूण तीन परवानग्या द्याव्या लागल्या.

प्रत्येक टेबलावरच्या माणसाला चाचणीच्या मशीनसमोर अर्धा तास बसवा आणि स्वतः काही बोलू नका. ते जिथे थांबतात ते लिहा. स्कॅनरचा आणि पार्ट नंबरचा, दोन्ही दोष मला असे दुसऱ्यांच्या बोटांमुळे सापडले.

## ८. बॅकअप घेऊन दाखवू नका, परत आणून दाखवा

चाचणीचं मशीन पूर्ण पुसा. वही आणि बॅकअपची डिस्क घ्या, घड्याळ लावा. माझ्या पहिल्या प्रयत्नाला सात तास लागले, कारण साम्बाच्या वापरकर्त्यांचे पासवर्ड बॅकअपमध्ये नव्हतेच. दुसऱ्याला साडेतीन. तिसऱ्या वेळी मी लांब बसलो आणि माझ्या सहकाऱ्याने नुसत्या वहीवरून उभं केलं. तिथे ही अट पास झाली.

तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हेही ध्यानात ठेवा: हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे.

## ९. वीज घालवून बघा

पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभाल असते, त्यामुळे ही चाचणी घ्यायला आम्हाला वेगळा मुहूर्त लागला नाही. यूपीएसची तार यूएसबीने सर्व्हरला जोडा, नेटवर्क यूपीएस टूल्स हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम बसवा आणि भिंतीतला प्लग खरोखर ओढा. बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद झाला का? वीज आल्यावर कुणी बटण न दाबता उठला का? ही दुसरी गोष्ट ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात नसते, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ठरवावी लागते. उठल्यावर डेटाबेस, फोल्डर, प्रिंटर, सगळं आपोआप सुरू झालं का, तेही वहीशी ताडून पाहा.

## १०. नोंदी आणि घड्याळ

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनीही आपल्या सिस्टीमचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. अल्मामध्ये लॉग साधारण चार आठवडेच राहतील अशी मूळ मांडणी असते. ती बदला, आणि सहा महिन्यांच्या लॉगना किती जागा लागेल ते चाचणीतल्या आकड्यांवरून काढा. घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळतं ठेवा.

## ११. बदलाचा दिवस

अटींची यादी उघडा, प्रत्येकीपुढे तारीख आणि निकाल लिहा. आमच्याकडे दोन्ही सिस्टीम पास झाल्या. अल्मा निवडली ती २०३२ च्या तारखेमुळे आणि माझ्या सहकाऱ्याचा हात तिच्यावर बसलेला होता म्हणून. ही दोन्ही कारणं मी निकालपत्रात तशीच लिहिली.

दिवस ठरवताना कॅलेंडर अकाउंट्सकडून घ्या. सात तारखेच्या आसपास पगार आणि टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी. उरतो तो २१ ते २६ चा पट्टा. मार्च आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून द्या. आमची सुट्टी गुरुवारी, पण वीजही गुरुवारीच जाते, म्हणून बुधवारी दुसरी शिफ्ट सुटल्यावर सुरू केलं आणि जनरेटरचं डिझेल आदल्या दिवशी भरून ठेवलं.

परत फिरायची वेळही आधी ठरवा. आमची पहाटे पाचची होती: तोपर्यंत वीस चलनं छापून झाली नाहीत तर वाद न घालता जुना सर्व्हर जोडायचा. पावणेचारला विसावं चलन निघालं.

जुना सर्व्हर लगेच विकू नका, पुसूही नका. आमचा नेटवर्कची तार काढून, वर बदलाची तारीख लिहिलेला कागद चिकटवून तीन महिने तिथेच उभा होता. दुसऱ्या महिन्यात ऑडिटरने एक जुना अहवाल त्याच्या जुन्या रूपात मागितला, तेव्हा तो अर्ध्या तासासाठी सुरू करावा लागला. तीन महिन्यांनी मालकांना विचारून डिस्क पुसल्या, त्यांचे सीरियल नंबर वहीत लिहिले आणि त्याखाली दोघांनी सह्या केल्या.